गोऱ्ह्यातला अर्धा र

त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडून इतके दिवस झाले होते की मी दिवस मोजणं सोडून दिलं होतं. पाणी रेल्वेनं यायचं, तिथून टँकरनं आमच्या गल्लीत, आणि घागरींच्या रांगेतून माझ्या दोन बादल्यांत. मी शहरातल्या एका खाजगी कॉलेजात संगणक शिकवत होते. पाण्यावाचून वसतिगृह चालेना, म्हणून परीक्षा लवकर उरकून मुलामुलींना घरी पाठवलं होतं. प्रयोगशाळेत मी एकटीच बसायचे. काम काही नव्हतं, इंटरनेट मात्र अख्खं माझं.

अशात एका सकाळी देवणीहून बाबांचा फोन आला.

"बाई, तुला त्या वेबसाइटी करता येत्यात न्हाई का?"

"येतात की. का?"

"मामाला करायचीय. गोऱ्ह्यांची."

माझे वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होते. जखमा बांधायच्या, डॉक्टरांनी सुई दिली की जनावर धरायचं, असं त्यांचं काम. पण देवणी जातीच्या गाई-बैलांवर त्यांचा जीव. कुठल्या वळूची कुठल्या गाईला कुठली वासरं झाली, याच्या नोंदी त्यांनी तीन जाड वह्यांत स्वतःच्या हौसेनं ठेवल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही त्या चालूच होत्या. मामा म्हणजे गावातले एक शेतकरी, बाबांचे जुने दोस्त. आम्ही बौद्ध, ते गावातल्या मोठ्या शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांनी आमच्या दारचं पाणी कधी घेतलं नव्हतं. मामा मात्र रोज सकाळी आमच्याच ओट्यावर चहा पीत, आणि मी लहानपणापासून त्यांना मामाच म्हणत आले.

मामांकडे वानेरा वळू होता. अंग पांढरं आणि तोंड काळं असलं की त्या देवणीला वानेरा म्हणतात. चारा संपत चालला होता. मामांच्या दोन गाई उदगीरच्या बाजारात गेल्या, आणि त्या कुणाच्या दावणीला बांधल्या गेल्या हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं मामांना फार लागलं होतं. जातिवंत वासरं पाळणारा माणूस कुठंतरी दूर असेलच, त्याला आपल्या गोऱ्ह्यांचा पत्ता लागला पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात बसलं. बाबांच्या वह्या, मामांचे फोटो आणि माझी वेबसाइट, असा बेत ठरला.

नाव मामांनीच सांगितलं: देवणीगोऱ्हा. शेवटी टिंब आणि भारत. देवनागरीत पत्ते मिळायला लागले होते, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं.

"इंग्रजीत सोपं पडेल मामा," मी म्हटलं.

"माझा गोऱ्हा इंग्रजीत हंबरतोय का?"

मी नावं विकणाऱ्या एका कंपनीचा अर्ज उघडला, नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं की या नावात परवानगी नसलेलं अक्षर आहे. मी चक्रावले. सगळी अक्षरं तर माझ्या डोळ्यांसमोर होती. अर्धा तास खटपट केल्यावर उमगलं की परवानगी नसलेलं अक्षर दिसतच नाही. आपण गोऱ्हा, कुऱ्हाड, बिऱ्हाड असं काही लिहितो तेव्हा ह च्या अंगाला तो आडवा अर्धा र येतो. माझा कीबोर्ड तो काढण्यासाठी साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकत होता. पत्त्यांमध्ये असली न दिसणारी चिन्हं चालत नाहीत. कारण उघड आहे. दिसायला एकसारखे दोन पत्ते निघाले तर माणूस फसेल.

मी ते चिन्ह पुसलं. लगेच र उडी मारून ह च्या डोक्यावर जाऊन बसला: गोर्हा. फोटो काढून बाबांना पाठवला. दहा मिनिटांत मामांचा फोन.

"हे गोर्हा कोन हाय? आमच्याकडं असलं जनावर न्हाई."

मग मला आठवलं की या अर्ध्या र साठी मराठीत एक वेगळं अक्षरही आहे, खाली टिंब असलेला ऱ. तो वापरला की अदृश्य चिन्हाची गरजच पडत नाही. तसं करून पाहिलं. पुन्हा लाल अक्षरं. त्या कंपनीच्या यादीत हे अक्षरच नव्हतं.

माझ्या अंगात काहीतरी संचारलं. यादी? कुणाची यादी? माझ्या भाषेतली कोणती अक्षरं नावात चालतील, हे ठरवतंय तरी कोण? पुढचे चार दिवस मी त्या रिकाम्या प्रयोगशाळेत बसून वाचत राहिले. जगातले सगळे पत्ते एका मूळ यादीला टांगलेले आहेत, ती यादी अमेरिकेत नोंदलेली एक संस्था सांभाळते, आणि तीत काही बदल करायचा तर त्यावर अमेरिकन सरकारची नजर असते. आता ते सरकार आपला हात काढून घेणार, अशी चर्चा जोरात सुरू होती. कुणी म्हणत होतं की हे काम सगळ्या देशांच्या सरकारांकडे द्या. कुणी म्हणत होतं की सरकारं नकोत, तंत्रज्ञ आणि कंपन्याच पुरे. आणि वेगवेगळ्या लिप्यांमधली कोणती अक्षरं मूळ यादीत घ्यायची, यासाठी त्या त्या लिपीच्या माणसांच्या समित्या नेमल्या होत्या. देवनागरीचीही होती. तिचं काम अजून चालू होतं, आणि नावं विकणाऱ्या कंपन्याही पुढे आपल्या याद्या त्याच धर्तीवर करतील अशी शक्यता होती. हे वाचताना मी खुर्चीवरून उठलेच. म्हणजे गोष्ट अजून हातातून गेलेली नव्हती.

शनिवारी मी देवणीला गेले आणि हे सगळं ओट्यावर सांगितलं. मामांचं सगळं आयुष्य उदगीर जिल्हा व्हावा या मागणीच्या बैठकांत गेलेलं. त्यांना असल्या विषयाचं वावडं नव्हतं.

"मंजी जिल्हा मुंबईत ठरतोय, तसं अक्षर अमेरिकेत ठरतंय," ते म्हणाले. "आन् तिथं आपलं कोन हाय?"

"सध्या तरी कुणी नाही."

"हे सरकारकडं पायजे. सातबारा तलाठ्याकडं असतोय का एखाद्या कंपनीकडं? तसं हे बी."

बाबा वही मिटून म्हणाले, "सरकारनं एखाद्याचं नावच खोडलं तर?"

"असं कसं खोडल?"

"माझं खोडलं हुतं की."

ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. बाबांना शाळेत घातलं तेव्हा आजोबांनी छान, पूर्ण नाव सांगितलं होतं. गुरुजींनी हजेरीपटावर ते तोडून, गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या पोरांना हाक मारायची तसं लिहिलं. आजोबांना वाचता येत नव्हतं. तेच तुटकं नाव दाखल्यावर आलं, तेच नोकरीच्या कागदावर, आणि तेच बाबांच्या निवृत्तीच्या आदेशावर. बाबांनी दुरुस्तीची दरखास्त दोनदा केली होती. दोन्ही वेळा ती कुठल्यातरी टेबलाखाली गेली.

"लिहिणारा कोन हाय ते न्हाई म्हणत मी," बाबा म्हणाले. "लिहिलेलं आपल्याला दिसलं पायजे. आन् चुकलं म्हणायला जागा पायजे."

मामांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मला वाटतं, इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यांनीही हे कधी ऐकलं नव्हतं. मग ते एकदम ताठ बसले.

"हरकती मागवल्यात का त्येंनी?"

"काय?"

"आगं, देवणी तालुका झाला तवा हरकती आन् सूचना मागवल्या हुत्या. मी स्वता चार दिल्या. तसं मागवलंय का?"

मागवलं होतं! त्या संस्थेच्या प्रत्येक मसुद्यावर जगातला कुणीही माणूस लेखी मत देऊ शकत होता, आणि मत देणाऱ्याला कुणी पदवी विचारत नव्हतं. मी ते वाचलं होतं, पण आपल्यासाठी आहे असं काही वाटलं नव्हतं. मामांनी एका शब्दात ते आमच्या ओट्यावर आणून ठेवलं.

"मंग हरकत घे की बाई! बसलीस कामून?"

हरकत घ्यायची तर अक्षराची पक्की माहिती हवी. मी नांदेडला गेले. संगणकाकडे वळण्याआधी मी बी.ए. केलं, तेव्हा मराठी शिकवणाऱ्या मॅडम तिथं राहायच्या. त्या मूळच्या हदगावच्या. वडिलांकडून उर्दू आणि आईकडून ठसकेबाज मराठी घेतलेल्या. निवृत्त होऊनही त्यांच्या घरात पुस्तकांखाली खुर्ची शोधावी लागायची. मी संगणक उघडून सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे ऱ काढून टाकून राहिले हे लोक?"

"काढला नाही मॅडम. घेतला नाही."

"दऱ्या म्हटलं की डोंगर दिसतात. दर्या म्हटलं की समुद्र. हे समुद्रात बुडवून राहिले आपल्याला!"

त्या दिवशी जेवायचंही राहिलं. त्यांनी शब्द सांगावेत आणि मी लिहावेत. सुऱ्या आणि सूर्या. आचाऱ्याला आणि आचार्याला. बिऱ्हाड, वऱ्हाडी, कुऱ्हाड, तऱ्हा, शेतकऱ्यांचा, वाऱ्यावर. पानामागून पान भरत गेलं. शेवटी त्यांनी एक बारीक मुद्दा काढला. मराठीत हा ऱ एकटा कधीच येत नाही. त्याच्या मागे हलन्त असतोच, आणि पुढे य नाहीतर ह. "मग तेवढाच नियम घाला ना. एकट्या ऱ ला बंदी, हलन्तासकट असेल तर मोकळीक. फसवणुकीचीही भीती नाही." मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. संगणकाच्या भाषेत मला जे मांडता येत नव्हतं, ते त्यांनी व्याकरणातून दोन वाक्यांत सांगितलं होतं.

आम्ही हरकत पाठवली. पोच आली, पण पुढे काही नाही. पावसाळा सरताना एकदाचं पाणी आलं, इतकं आलं की देवणीकडची तळी भरून वाहिली. त्याच सुमारास बातमी आली: अमेरिकन सरकारनं खरोखरच हात काढून घेतला. आता ती यादी त्या संस्थेची आणि तिच्यात येऊन बोलणाऱ्या सगळ्यांची. आणि त्यानंतरची पहिली जागतिक बैठक होती हैदराबादला. प्रवेश फुकट, नुसतं नाव नोंदवायचं!

"चल," मॅडम फोनवर म्हणाल्या. "हैदराबाद म्हणजे आमची जुनी राजधानी. तिथं जायला मला कुणाचं आमंत्रण लागत नाही."

नांदेडहून सकाळची बस पकडली. देगलूर मागे पडलं आणि पाट्या तेलुगू झाल्या. मॅडम प्रत्येक पाटीवरच्या गोल अक्षरांकडे बोट दाखवत होत्या आणि मी मनात दोन मिनिटांचं इंग्रजी भाषण घोकत होते. शहराच्या कडेला ते भलंमोठं सभागृह होतं. दारात गळ्यात अडकवायची ओळखपत्रं दिली. माझ्या ओळखपत्रावर संस्थेचं नाव लिहायच्या जागी मी काहीच लिहिलं नव्हतं, तरी मला कुणी अडवलं नाही. आत आफ्रिकेतली माणसं, अरब, चिनी, जपानी, दाढीवाले तंत्रज्ञ, सूटवाले वकील. कुणी कुणाशी तावातावानं भांडतंय, कुणी जमिनीवर बसून संगणक चार्ज करतंय.

दुपारी खुलं सत्र होतं. मध्ये माइक, माणसांची रांग, आणि समोर पडद्यावर दोन मिनिटांचं घड्याळ. सरकारांचे प्रतिनिधी आणि मोठ्या कंपन्यांची माणसंही त्याच रांगेत, तेवढ्याच दोन मिनिटांसाठी उभी होती. माझ्यापुढे एका आफ्रिकन देशातली बाई होती. तिच्या देशातल्या शहराचं नाव कुणा परक्या कंपनीला पत्ता म्हणून द्यायचं की नाही, यावर ती बोलली. तिच्या आवाजात मामा होते, अगदी जिल्ह्याच्या बैठकीतले मामा.

माझा नंबर आला. घड्याळ सुरू झालं आणि पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मागून मॅडमचा आवाज आला, "आधी आपल्या भाषेत बोल!"

मी म्हटलं, "माझ्या गावात गोऱ्हा म्हणतात, तो तुमच्या यादीत बसत नाही."

सभागृहात सगळ्यांच्या कानांवर भाषांतराचे हेडफोन होते. मराठीचा दुभाषी अर्थातच नव्हता. हेडफोन एकदम गप्प झाले. शेकडो माणसं कानाशी चाचपायला लागली, काहींनी ते काढून माझ्याकडे पाहिलं. मग मला धीर आला. मी इंग्रजीत म्हणाले, आत्ता तुम्हाला जे ऐकू आलं नाही त्याबद्दलच मी बोलायला आले आहे. हशा पिकला. मी गोऱ्हा सांगितला, दऱ्या आणि दर्या सांगितलं, मॅडमचा नियम सांगितला. आणि शेवटी विचारलं, आता तुमच्यावर कुठलंच सरकार नाही, तर चूक झाली हे मी कुणाला सांगायचं? घड्याळात चार सेकंद उरले होते.

व्यासपीठावरून उत्तर आलं ते सभ्य आणि गोलमोल होतं. मुद्दा महत्त्वाचा आहे, संबंधित समितीकडे पोचवू. मी जरा हिरमुसून जागेवर बसले. पण चहाच्या वेळेला एक नेपाळी गृहस्थ धावतच आमच्या टेबलाशी आले. ते देवनागरीच्या समितीवर होते.

"तुमचा तो अर्धा र आमच्याकडेही आहे!" ते हिंदीत म्हणाले. "आम्ही तो त्या न दिसणाऱ्या चिन्हानंच काढतो."

आणि मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणावं की मैफल, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की नेपाळीत तुमचा टिंबवाला ऱ कुणी वापरत नाही, लोक गोंधळतील. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांना फरक कुठं दिसतो? नेपाळी गृहस्थांनी त्यांचे शब्द लिहिले, मॅडमनी आपले. कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू भरली, मग माझी, मग शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी माणसाची. चहा निवून गेला. हिंदीवाला एक तरुण तज्ज्ञ येऊन म्हणाला की हिंदीत याची गरज नाही, यादी लहान असलेली बरी. त्यावर नेपाळी गृहस्थ आणि मॅडम दोघंही एकदम त्याच्यावर तुटून पडले, आणि तेव्हाच मला कळलं की आता ते एका बाजूला आले आहेत.

शेवटी नेपाळी गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. ऱ आत, हलन्तासकट. न दिसणारं चिन्ह बाहेर. आमच्या लोकांना मी समजावतो. पण एका सभेत बोलून भागणार नाही. लेखी लागेल, पुन्हा पुन्हा लागेल. आणि समितीच्या फोनवरच्या बैठकांना कुणीतरी यावं लागेल."

"ही येईल," मॅडमनी मला न विचारताच सांगून टाकलं.

मी गेले. दर आठवड्याला एक तास, कुणी दिल्लीतून, कुणी काठमांडूतून, मी लातूरहून. पगार नाही, पद नाही. सुरुवातीला मी नुसती ऐकायचे, मग बोलायला लागले. मसुदा जाहीर झाला तेव्हा पुन्हा हरकती मागवल्या. या वेळी बाबांनी स्वतः पत्र लिहिलं. मी ते इंग्रजीत केलं, पण खाली सही देवनागरीतच ठेवली. ते पत्र इतर सगळ्या मतांबरोबर जगाला दिसेल असं ठेवलं गेलं. आजोबांनी सांगितलेलं पूर्ण नाव बाबांनी त्या पत्राखाली लिहिलं होतं. पडद्यावर ते पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "जरा मोठं कर की अक्षर." मी मोठं केलं.

यायला वर्षं लागली, पण मूळ यादीच्या नियमांत ऱ आला, हलन्ताच्या अटीसह, जवळजवळ मॅडमच्या शब्दांत. ती बातमी सांगायला मी नांदेडला फोन केला तेव्हा मॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की त्यांची शेजारीण धावत आली. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी नावं विकणाऱ्या कंपनीच्या अर्जानंही मान तुकवली. देवणीगोऱ्हा, टिंब, भारत. मामांचा तो वानेरा तोवर थकला होता. साइटवर फोटो लागले ते त्याच्या वंशाचे, आणि खाली बाबांच्या वह्यांतल्या नोंदी. पहिला फोन भालकीकडून आला, अर्धा कानडीत आणि अर्धा मराठीत. मामांनी तो माणूस जेवायलाच बोलावला.

उदगीर जिल्हा काही झालेला नाही. मामा अजून बैठकांना जातात. मला कुणी विचारलं की इंटरनेटची ही नावं कुणाच्या ताब्यात असावीत, तर माझ्याकडे चकचकीत उत्तर नाही. एकट्या सरकारांच्या हाती देऊ नयेत, कंपन्यांच्या तर नकोतच, आणि ज्यांना येऊन बसायला वेळ आहे त्यांच्याच हाती राहिली तरी वाईट, कारण वेळ सगळ्यांकडे नसतो. हे शेवटचं मी त्या बैठकांत बसून शिकले. गेल्या आठवड्यात एका दुसऱ्याच नियमावरून वाद झाला. मी तासभर भांडले आणि हरले. फोन ठेवून लगेच लेखी हरकत लिहायला बसले. दोन पानं झाली आहेत, उदाहरणं अजून जमवायची आहेत.